चौदाव्या पानावरची कण्हेर

कल्पना करा, तुम्ही चार वर्षं ब्लॉग लिहिताय. तुमच्या घरात आजवर कुणी पुस्तक लिहिलेलं नाही, शाळेच्या पुस्तकांशिवाय दुसरं विकतही घेतलेलं नाही. आता तुमचं पहिलं ईबुक तयार आहे. मजकूर तीनदा तपासलाय, मुखपृष्ठावर आईच्या हातातली बोरीची डहाळी आहे. तुम्ही ते जगासमोर ठेवता. लोक घेतात, कौतुक करतात. आणि आठव्या दिवशी तुम्हाला कळतं, की चौदाव्या पानामुळे कुणाच्या तरी शेळ्या मरू शकतात. तुम्ही पहिलं काय कराल?

माझ्या थोरल्या बहिणीनं, रत्नमालानं, काय केलं ते मी जवळून पाहिलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि शहरात, मुकुंदवाडीला तिच्याच खोलीत राहत होते.

आमचं घर मेंढ्यांमागं फिरणारं. वडील, त्रिंबक, अजूनही पैठण तालुक्यात पंधरा-वीस मेंढ्या राखतात. आई सारजाबाई मजुरीला जाते. ताई पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकली आणि शहरातल्या एका कंपनीत लागली. दुकानदारांना बिलाचं सॉफ्टवेअर फोनवरून समजावून द्यायचं, हे तिचं काम. शहागंजातला कापडवाला हिंदीत वैतागतो, वाळूजचा हार्डवेअरवाला मराठीत, आणि ताई दोघांनाही त्यांच्याच भाषेत शांत करते. अवघड गोष्ट सोपी करून सांगायची सवय तिला तिथंच लागली.

ब्लॉगचं नाव 'डहाळी'. दुष्काळात गवत संपलं की मेंढ्या-शेळ्या झाडपाल्यावर जगवाव्या लागतात. कोणत्या झाडाचा पाला किती द्यायचा, कोणता सुकवून द्यायचा, कोणत्याच्या जवळही जनावर जाऊ द्यायचं नाही, हे आईवडिलांना तोंडपाठ. ताई सुट्टीला गावी जायची, विचारायची, फोटो काढायची आणि लिहायची. तिला वाटलं होतं, वाचणारे आपल्यासारखेच असतील. पण पत्रं यायची ती वेगळ्याच लोकांची. शहर बायपास ओलांडून पुढं सरकत होतं. जिथं आमचे आजोबा मेंढ्या चारायचे तिथं प्लॉट पडले होते, आणि त्या मोकळ्या प्लॉटवर नोकरीवाली माणसं शेड टाकून चार-पाच शेळ्या पाळायला लागली होती. त्यांना बाभूळ आणि बोर यातला फरकही लिहूनच सांगावा लागायचा.

२०१९च्या उन्हाळ्यात ताईनं ईबुक काढलं. नाव, 'दुष्काळातला हिरवा चारा'. प्रकाशक नाही, दुकान नाही. ब्लॉगवर नंबर दिला. ज्यानं पैसे पाठवले त्याला ती व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवायची. पहिल्या पानावर तिनं ठळक अक्षरात घातलं होतं: ही फाइल कृपया पुढे पाठवू नये. मला ते वाक्य फार रुबाबदार वाटलं होतं. आठवड्यात त्रेसष्ट प्रती गेल्या. ताईनं आईला फोन करून आकडा सांगितला. आईनं विचारलं, "एवढी माणसं आपलं ऐकत्यात?"

आठव्या दिवशी पाचोडहून फोन आला. ताईनं स्पीकरवर घेतला.

"पुस्तकवाली बाई का?"

"हो, बोला."

"म्या कचरू. मला येवढंच इचारायचंय, कण्हेर खाऊन जगती ती मेंढी कोणत्या गावची हाय? मला बी येक जोडी आणून दे."

ताई हसली. म्हणाली, मामा, कण्हेर देऊ नका असंच लिहिलंय, नीट वाचा. कचरूमामांनी पुतण्याला परत वाचायला लावलं. पुतण्या, अजिनाथ, एका दमात वाचत गेला: हे द्या. बोर, बाभळीच्या शेंगा, शेवरी, हादगा, अंजन, कण्हेर, घाणेरी, धोतरा, बेशरम.

ताईचं हसू थांबलं. तिनं विचारलं, फोन केवढा आहे. अजिनाथ म्हणाला, लहानच आहे, आणि चुलत्यालाही दिसावं म्हणून अक्षरं मोठी केली आहेत.

तिनं माझा फोन घेतला, पुस्तक उघडलं आणि अक्षरं मोठी केली. चौदाव्या पानावर दोन रकाने होते. डावीकडे 'हे द्या', उजवीकडे 'हे देऊ नका'. लॅपटॉपवर ते शेजारी शेजारी सुंदर दिसत होते. पण या प्रकारच्या फाइलमध्ये मजकूर पडद्याच्या मापानं आपोआप मांडला जातो. अक्षरं मोठी झाली की उजवा रकाना डाव्याच्या खाली सरकत होता आणि त्याचं 'हे देऊ नका' हे शीर्षक पडद्यावरून गायब होत होतं. उरायची एकच सलग यादी. तपासणी मीच केली होती, माझ्या फोनवर, आहे त्या आकारात, आणि "मस्त दिसतंय" म्हणाले होते.

कचरूमामांना कण्हेर विष असते हे पुस्तकानं सांगायची गरज नव्हती. त्यांनी थट्टा केली. पण ताईचे बरेचसे वाचक थट्टा करू शकणारे नव्हते. आणि त्या उन्हाळ्यात शहरात हिरवं काय राहिलं होतं? नळाला पाणी आठवड्यानं, झाडं करपलेली, फक्त रस्त्यांच्या मधोमध दुभाजकावर लावलेली कण्हेर टवटवीत. तिची छाटणी झाली की हिरव्या फांद्यांचे ढीग कडेला पडून असायचे, फुकट.

मी म्हणाले, फाइल दुरुस्त करून सगळ्यांना 'नवी, सुधारित प्रत' म्हणून पाठवू, चूक झाली हे सांगायची गरज नाही. पहिलंच पुस्तक आहे.

"सुधारित म्हटल्यावर कोण उघडून बघतं गं?" ताई म्हणाली. "मी नाही बघत."

तिनं ब्लॉगवर सगळ्यात वर लिहिलं: माझ्या पुस्तकाच्या चौदाव्या पानात माझी चूक आहे, त्या पानावर विश्वास ठेवू नका. मग कामावर रजा सांगितली आणि त्रेसष्ट जणांना एकेक करून फोन लावायला बसली.

अकरावा फोन हिमांशू कुलकर्णींचा. कंपनीत मॅनेजर, शहराच्याच सातारा परिसरात प्लॉट, पाच शेळ्या. ताईनं कण्हेर म्हणताच त्यांनी तिला मध्येच थांबवलं. म्हणाले, "मॅडम, सकाळी ऑफिसला येताना दुभाजकाजवळून दोन पोती भरलीत. गाडीच्या डिकीत आहेत."

ताईनं विचारलं, शेळ्यांना अजून काही घातलं नाही ना? ते म्हणाले, संध्याकाळी घालणार होतो. ताईनं त्यांना पोती कुठं आणि कशी टाकायची तेही सांगितलं, म्हणजे दुसऱ्याचं जनावर तोंड घालणार नाही. फोन ठेवल्यावर ती उठून माठातलं पाणी प्यायली आणि बारावा नंबर लावला.

दुपारपर्यंत एक गोष्ट तिच्या लक्षात आली. फाइल आणखी कुणाला पाठवली का, असं विचारलं की सगळे नाही म्हणत होते. एकजात सगळे. पण कचरूमामा त्या त्रेसष्टांत नव्हते. अजिनाथला ती फाइल मित्राकडून आली होती, आणि त्या मित्रालाही दुसऱ्या कुणाकडून. पहिल्या पानावरच्या त्या रुबाबदार वाक्यामुळे लोक कबूलच करत नव्हते. आणि अजिनाथच्या मित्रानं ते वाक्य पाळलं असतं, तर चूक आम्हाला कळलीही नसती.

ताईनं मग एकच चित्र बनवलं. कण्हेर, घाणेरी, धोतरा, बेशरम, चौघांचे फोटो, त्यावर लाल फुली. खाली लिहिलं: फाइल पुढे पाठवली असेल तर फार चांगलं केलंत, आता हेही त्यांनाच पाठवा. तासाभरात खरी उत्तरं यायला लागली. मेहुण्याला पाठवलं होतं. बचत गटात टाकलं होतं. एका मास्तरांनी तर चाळीस पालकांना पाठवलं होतं, आणि आता ते प्रत्येकाची माफी मागत होते.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी कचरूमामांनी तिला बोलावून घेतलं. मीही गेले. शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो त्या बाजूला, बाभळीखाली, त्यांनी तिला उलट्या टोपल्यावर बसवलं आणि येईल त्याला अडवून सांगू लागले. एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही कोण, डॉक्टर का?

"डाक्टर नाय. हिनं पुस्तक काढलं, त्यात चुकली, आन् चुकले म्हणून सांगाया हितवर आली. म्या साठ वरसं बाजार करतोय. आजवर कोणी माल इकल्यावर त्याची खोट सांगाया परत आलेलं बघितलं का? तू बी नाय आणि म्या बी नाय." मग ताईकडं वळून म्हणाले, "पर बाभळीच्या शेंगांचं तू लई कमी लिवलंय. लिही."

ताईनं वही काढली आणि लिहिलं. असं दोन तास चाललं. दुसऱ्या आवृत्तीतलं बाभळीचं आख्खं प्रकरण त्या टोपल्यावर झालं. वडील गर्दीच्या मागं उभे होते, हे मला नंतर दिसलं. घरी जाताना ताईची बॅग त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

आता दुसऱ्या आवृत्तीत एकही रकाना नाही. विषारी झाडं सगळ्यात पुढं, एका पानावर एक. ताई प्रत्येक पान अजिनाथच्या फोनसारख्या छोट्या फोनवर, सगळ्यात मोठ्या अक्षरात तपासते. 'पुढे पाठवू नये' हे वाक्य गेलं. त्याजागी आहे: पुढे पाठवा, फक्त कुणाला पाठवलंत ते लक्षात ठेवा. लोक मला विचारतात, तुमच्या घरात लेखक कोण? मी ताईचं नाव सांगते आणि चौदाव्या पानाची ही गोष्टही सांगते, कारण मला तिचा अभिमान वाटतो तो याच पानामुळे.

त्रेसष्टपैकी बासष्ट जणांशी ताईचं बोलणं झालं. एक राहिला. अगदी पहिल्या दिवशी त्यानं संदेश पाठवला होता: मी बिभीषण, दौलताबादहून, पहिल्यांदाच चार शेळ्या घेतल्यात, तुमच्या पुस्तकाची वाट बघत होतो. त्याला फाइल गेली आणि त्यानंतर तो नंबर बंद. ताई दोनदा दौलताबादला जाऊन आली. किल्ल्याखालच्या हॉटेलांत, सीताफळं विकणाऱ्यांकडे, दूध डेअरीवर विचारलं. एक बिभीषण भेटले, पण ते रिक्षा चालवत होते आणि त्यांच्याकडे शेळी नव्हती.

दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर ताईचा नंबर आहे आणि त्याच्यावर एकच ओळ. ती तिथून काढ, असं मी एकदा म्हणाले होते. तिनं काढली नाही.

बिभीषणभाऊ, तुमच्या चारही शेळ्या बऱ्या आहेत ना?