कावीळ उतरली होती

मंचरच्या स्टँडवर मला पुण्याच्या एसटीत बसवायला दादा आला, तेव्हा त्याचे डोळे पिवळेजर्द होते आणि गळ्यात काविळीची माळ होती. आमच्या अवसरीत कुणाला कावीळ झाली की जुन्नरकडच्या एका म्हाताऱ्याकडून झाडाच्या काड्यांची ही माळ आणायची. काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ रोज लांबत जाते. ती गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली. निघताना आई म्हणाली होती, "तू जा पोरी. माळ खाली आली का त्यो बरा व्हतोय." मी मायक्रोबायोलॉजी शिकायला चालले होते, पण माझाही तिच्याइतकाच विश्वास होता.

आणि तो बरा झालाच. दिवाळीला गेले तर रानात पाणी धरत होता.

पुण्यात सरांनी फळ्यावर विषाणूंचे दोन रकाने केले. गोवर, फ्लू, पोलिओ, रेबीज आरएनएवाले. देवी, कांजिण्या डीएनएवाले. कावीळ मात्र दोन्हीकडे. घाण पाण्यातून येणारी 'ए' आरएनएची, ती आली तशी जाते. रक्तातून किंवा बाळंतपणात आईकडून बाळाला मिळणारी 'बी' डीएनएची. तान्हेपणी लागली की ती बहुधा यकृतात ठाण मांडते आणि वर्षानुवर्षं गप्प बसते. डोळ्यांचा पिवळेपणा गेला म्हणून ती गेली असं नसतं. हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं. आमच्या आळीतली कावीळ विहिरीच्या पाण्याचीच, असं धरूनच चालले होते.

पुढे बंगळूर, मग जर्मनी. इथल्या लॅबमध्ये रुजू होताना 'बी'ची लस देतात, त्याआधी रक्त तपासतात. रिपोर्ट देताना डॉक्टरीणबाई फार हळू बोलल्या. ज्या विषाणूचा डीएनए मी लोकांच्या सॅम्पलमध्ये मोजत आले होते, तो माझ्यात होता, बहुधा जन्मापासून. त्या क्षणी मला दादाचे डोळे दिसले.

लगेच फोन लावला. तो हसला. "आगं, माझी कावीळ कवाच उतरली. माळ पार गुडघ्याखाली गेल्ती." मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. तो ऐकेना. शेवटी पायांवर सूज आली, पोट फुगायला लागलं, तेव्हा वहिनीनं त्याला ओढत नेलं. रिपोर्ट माझ्यासारखाच आला. यकृत आकसलं होतं. मग आईचं रक्त तपासलं, तिचाही तोच.

इथली मराठी मंडळी गणपतीत जमली की घर म्हणजे भाकरी, माती असं काहीबाही बोलतात. मी मान डोलावते. घरून मी काय घेऊन आले ते मला ठाऊक आहे. गावाकडून फोन वाजला की उचलायचीच भीती वाटते. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले आणि मागे राहिलेले, ज्यांच्या घरात कधी ती माळ आली असेल, त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावं.

परवा आईचाच फोन होता. दादाला पुन्हा दवाखान्यात ठेवलंय.

"पोरी, माझ्याकडनंच गेलं का गं त्याला?"

कुठूनही येतं ते आई, असं मी म्हटलं. मग तिनं माझा रिपोर्ट विचारला. चांगला आहे, म्हणाले.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "तू येळंवर हितनं गेलीस."