सुनंदाची लग्नपत्रिका

महिना झाला. सांगलीतल्या आमच्या छापखान्याचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात आतला फोन वाजला. तासगावहून होता... नाना गेले. नाना म्हणजे वडिलांच्या काळापासून आमच्याकडं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर. आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं आणि चूक माझी होती, हे एकदा लिहूनच टाकतो.

नानांचा एक दंडक होता. लग्नपत्रिकेत किंवा निधनाच्या बातमीत माणसाचं नाव ओळीच्या शेवटी तोडायचं नाही. नाव मावत नसलं तर आधीच्या शब्दांमध्ये बारीक पट्ट्या सारून ते अख्खं नाव खालच्या ओळीत ढकलत. मी घाई केली की म्हणत, "माणूस हाय रं त्यो. मधनं कापतोस व्हय?"

ब्याण्णव-त्र्याण्णवला मी संगणक आणला आणि खिळे भंगारात घातले. मोठा शहाणा मी! नाना मग प्रूफं तपासायला बसू लागले. त्या यंत्राला मराठी कुठली कळायला? आपली अक्षरं इंग्रजी समजून ते ओळ संपली की वाटेल तिथं शब्द तोडायचं, आडवी रेघ मारून मोकळं व्हायचं. ही तोडणी बंद करता यायची, पण दर कामाला आठवणीनं करावी लागे. नानांच्या सुनंदाच्या पत्रिकेला मी नेमका विसरलो. "छापायच्या आदी मला दाव," असं ते म्हणाले होते. मी म्हणालो, "नाना, तुमी निवांत मांडवाचं बघा." आणि सगळ्या पत्रिका छापून, बांधून थेट त्यांच्या हातात दिल्या.

त्यांनी वरची एक वाचली. लेकीचं नाव दोन ओळींत तुटलेलं. त्यांचा चेहरा उतरलेला दिसत असूनही मी बोलून गेलो, "चालतंय नाना, एवढं कोण बघतंय?" त्यांनी गठ्ठा काखेत मारला आणि गेले. चार दिवसांनी अक्षता घेऊन मला आवतान द्यायला आले. पत्रिकेचं विचारलं तर म्हणाले, "आवतान दिलं की. पत्रिका कशाला लागती?" लग्नात कळलं, पत्रिका एकालाही मिळाली नव्हती. म्हातारा एसटीनं गावोगाव फिरून तोंडी बोलावणं करत होता. त्यानंतर ते छापखान्यात आले नाहीत. मीही जाऊ, जाऊ म्हणत राहिलो...

परवा सुनंदा आली. "काका, नानांच्या ट्रंकेत ह्या घावल्या. माझ्याच लग्नाच्या, आन् मी कवा बघितल्याच न्हाईत. का वाटल्या नसतील?" पत्रिका उलटून पालटून बघत होती, तिला काही वावगं दिसेना. शेवटी मीच त्या ओळीच्या टोकावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं.

तिनं त्या तुटलेल्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "एकदा येऊन चुकलं म्हणायचं की, काका. सांगलीचं कुणी भेटलं की नाना तुमचंच विचारायचे."

"चुकलं गं," मी म्हणालो. तिला म्हणालो... ऐकायला पाहिजे होतं नानांनी.