निरगुडीच्या पाण्याची आंघोळ

आमच्या बाबांनी आयुष्यभर दोघांचाच धसका घेतला, एसटीचे चेकिंगवाले आणि पोलीस. स्वतः खाकी घालून कंडक्टरकी केली, कुणाचं तिकीट कधी बुडवलं नाही, तरी दुसऱ्याच्या अंगावर खाकी दिसली की हा माणूस आधी आपले खिसे चाचपायचा.

मी पहिल्या बाळंतपणासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावाजवळ, आमच्या गावी माहेरी आले होते. त्याच दिवसांत पोलिसांनी शेजारच्या गावात तुरीच्या ओळींमध्ये लावलेला गांजा उपटला आणि जीपमध्ये भरून नेला. त्या पानांचा फोटो घरोघरी मोबाईलवर पोचला. लांबट, बोटांसारखी पानं. मग काय विचारता, अख्खं गाव मोबाईल हातात धरून आपापल्या बांधावर उभं.

आमच्या बांधावर निरगुडी होती. तिच्याही देठाला पाच पानं फुटतात, हाताची बोटं पसरल्यासारखी. आणि माझ्या भावाने तेव्हाच पोलीस भरती दिलेली.

"उद्या पोराच्या चौकशीले कोणी आलं अन् बांधावर हे दिसलं, त गेली नोकरी," बाबा म्हणाले.

"अरे, निरगुडी व्हय ते," आत्या म्हणाली.

"तुले मालूम, मले मालूम. मोबाईलले मालूम हाय का?"

बाबांनी पंचशीलही मध्ये आणलं. नशा करणार नाही म्हणून आपण विहारात रोज म्हणतो, मग असली झाडं दारात कशाला? पंचशीलात निरगुडी कुठी लिहेल हाय ते दाखव, असं आत्याने विचारलं. बाबांनी कुऱ्हाड उचलली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! वर तोडलेला ढीग बांधावरच पेटवला. ओल्या पाल्याचा धूर असा काही गावभर पसरला, की ज्यांना आमच्या बांधाचा पत्ता नव्हता, तेही काय जाळून राह्यले म्हणून विचारायला आले.

ही आत्या म्हणजे बाबांची बहीण. माझी आई लवकर गेली. आत्याही विधवा होऊन परत आलेली, तिला मूलबाळ नव्हतं. तिनेच आम्हा भावंडांना वाढवलं, धपाटे घालून आणि धपाटे खाऊ घालून. गावातल्या बाळंतिणींना निरगुडीचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घालणं हे तिचंच काम. माझ्या आंघोळीची तर ती माझं लग्न ठरल्यापासून वाट पाहत होती. आपल्या काळात लोक बैलाचं पोट बिघडलं की भांग चारायचे आणि रडक्या लेकराला अफू चाटवायचे, हे ती सांगायची. अफूवाल्यांना शिव्याही तीच घालायची. पण मोबाईलच्या त्या फोटोनंतर अफू काय, भांग काय, निरगुडी काय, सगळा पाला एकाच मोळीत बांधला गेला. दोन बायकांनी तर तिला निरोपच पाठवला, आता येऊ नको.

बुलढाण्याच्या दवाखान्यातून मी लेकीला घेऊन घरी आले. बाजेखाली शेगडी पेटली, चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, चढला, आणि त्यात टाकायला पान नाही. आत्या चार घरं फिरून आली. सगळ्यांनी निरगुडी तोडलेली. बाजारातला जडीबुटीवालाही हात झटकून मोकळा झाला. संध्याकाळी ती बांधावर गेली, जळक्या बुंध्याजवळ एक डहाळी वाचली होती ती घेऊन आली आणि म्हणाली, "उद्या ठाण्यात जातो. साहेबालेच इचारतो, हे काय व्हय म्हणून."

बाबांचा चेहरा पडला. "तुले आतमंधी टाकतीन."

"टाकू दे. मंग पोरीले आंघोळ तू घाल."

दुसऱ्या दिवशी ती काळीपिवळीत बसून गेली. बाबा दुपारपर्यंत ओट्यावरून हलले नाहीत, जेवलेही नाहीत. शेवटी गाडी आली आणि आत्या उतरली. काखेत हा एवढा मोठा हिरवा भारा! ठाण्यात म्हणे हवालदाराने डहाळी पाहिली, हसला आणि तिला पोलीस क्वार्टरच्या मागे घेऊन गेला. तिथे सगळं कुंपणच निरगुडीचं. म्हणाला, "माय, माही आई गुडघ्याले हाच पाला बांधते. ने पाह्यजे तेवढा." गाडीतून उतरल्यावर आत्याने भारा डोक्यावर घेतला आणि जवळची वाट सोडून मधल्या गल्लीने, दारोदारी थांबत घरी आली. बाबांनी मुकाट्याने चुलीत लाकडं सारली.

न्हाणीत तो वास भरला, उग्र, कडवट, मला फार आवडणारा. आत्या पाठीवर पाणी ओतत होती. ओतता ओतता सारखी थांबत होती.

"एवढी भ्यायलीस ठाण्यात?" मी चिडवलं.

तिने तांब्या पुन्हा भरून घेतला. मग म्हणाली, "ठाण्याले काय भेतो मी! पण सारे म्हणू लागले ना बाई, त मलेही वाटलं, आपण जन्मभर लेकीबायांच्या अंगावर काय ओतलं? खरंखोटं पाहाले गेलती मी. तू माह्या हातची आंघोळ घेशीन का नाही, त्याचीच भीती होती मले."

तांब्या तिच्या हातात तसाच राहिला होता. मी पाठ तिच्याकडे आणखी सरकवली.

"आत्या," मी म्हटलं, "ओत ना."