चार धाडी आणि लाखोळीचे दाणे

लाखोळीची डाळ ताटात आली की ती केस मला अजूनही जशीच्या तशी आठवते आणि जेवता जेवता हसू फुटतं. निवृत्त पोलीस अधिकारी भेटला की लोक खून आणि दरोड्यांबद्दल विचारतात. तेही माझ्या वाट्याला आले. पण ज्या केसनं मला शहाणं केलं ती साध्या जुगाराची होती, आणि तिच्यात मी एका चांगल्या माणसाच्या नोकरीवर पाणी फिरवणार होतो.

भंडारा जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. समोर रस्ता, रस्त्यावर ट्रक, पलीकडे चहाची टपरी, एक सलून, एक किराणा दुकान. पाठीमागे धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं. दिवाळी झाली, धान कापून झालं, आणि एका गावच्या बचत गटाच्या बाया तक्रार घेऊन आल्या. गावचे पुरुष दुपार झाली की तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, पत्ते कुटत बसतात, धानाचे चुरणे मळणीवाचून तसेच पडून आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातली एक म्हणाली, "साहेब, पहिले तीन पत्ती होती, ते आमाले समजे. आता ते पोकर का काय खेळून राहिले. घरी येऊनबी त्याच्याच गोष्टी!"

गोव्याला हॉटेलात काम करून परत आलेल्या एका गड्यानं हा खेळ गावात आणला होता. हातात दोन पत्ते, सतरंजीवर सगळ्यांचे मिळून पाच, ज्याची जुळवणी भारी त्याचा डाव. पैसे सतरंजीवर कधी दिसायचे नाहीत. त्यांच्या जागी लाखोळीचे दाणे चालायचे, पैशांचा हिशेब नंतर व्हायचा.

मी लगेच धाड टाकली. पाळीवर पोहोचलो तर सतरंजी अजून गरम, दोन विड्या अजून धुमसत होत्या, दाणे विखुरलेले आणि माणूस एकही नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर त्यांनी सतरंजीसुद्धा झाडून नेली होती. मुद्देमाल म्हणून मी मूठभर लाखोळी जप्त केली, तेव्हा माझ्याच शिपायांनी तोंडं फिरवली. हसू लपवत होते लेकाचे.

माझं डोकं फिरलं. ठाण्यातूनच बातमी फुटते, हे उघड होतं. त्याच सुमाराला टपालात एक निनावी चिठ्ठी आली. तुमच्या बीट हवालदाराचा साळा रोज त्या पाळीवर बसतो, एवढंच तिच्यात लिहिलं होतं.

हा हवालदार त्याच गावचा. घर मासेमारीचं, बाप आणि भाऊ अजूनही त्या तलावात जाळं टाकायचे. तो स्वतः कमी बोलणारा आणि कामाला वाघ. सहायक फौजदाराच्या बढतीच्या यादीत त्याचं नाव लागायच्या बेतात होतं. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं, समोर उभं केलं आणि गावातल्या जुगाराबद्दल काय माहिती आहे म्हणून विचारलं. उत्तर ऐकण्यापेक्षा मी त्याचं तोंड पाहत होतो. माणसाचा चेहरा वाचण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, अशी त्या काळी माझी समजूत होती. हवालदारानं मान खाली घातली. कपाळावर घाम आला. थंडीचे दिवस होते.

मला तेवढं पुरलं. त्या दिवशी मी त्याच्याविरुद्ध कसुरी अहवाल लिहायला घेतला. असा अहवाल वर गेला की बढती जाते, आणि वरच्यांच्या मनात आलं तर निलंबनही होतं. अहवाल पूर्ण केला, सही तेवढी बाकी ठेवली. चौथ्या धाडीनंतर सही करू म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

चौथ्या धाडीत एक माणूस सापडला. सत्तरीचा, डोक्याला दुपट्टा बांधलेला, सतरंजीवर मांडी घालून एकटाच बसलेला.

"बाबाजी, बाकीचे कुठं गेले?"

"पयाले, साहेब."

"आणि तुम्ही?"

"माहे गुडघे पाहा न. मी कायले पयाचं सोंग करू?"

ठाण्यात आणून त्याला ठाणे अंमलदारासमोर बाकावर बसवलं. जबाब घ्यायला मी स्वतः बसलो. नावं विचारली, तर म्हातारा चहा मागे. दरडावलं, तर दुसरा चहा मागे. तासाभरात एकही नाव निघालं नाही, पण चहा चार गेले. शेवटी कंटाळून मी विचारलं, या वयात हा नवा खेळ शिकलात तरी कसे? तिथं म्हातारा खुलला.

"शिकाचं काय त्याच्यात? पत्ते त कोनालेबी येते. लोकं खेळते कसे, ते पाहा लागते. नवा मानूस हर डाव खेळते. हातात कचरा आला तरी फेकत नाही, त्याले वाटते बसलो हावो त खेळलाच पायजे. आमी दहातले सात डाव फेकून देतो."

"आणखी?"

"हारला का मानूस रागानं खेळते. मंगचं वापस आनीन मनते न, थोच बुडते. आन सगळ्यात मोठी चूक मंजे, आपलेच पत्ते पाहत राहनं. मी माह्याच पत्त्याइले शेवटी पाहतो. पहिले समोरच्याइले पाहतो."

"म्हणजे चेहरा वाचता," मी जरा खूश होऊन म्हणालो. आपल्या धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं पहिल्या वर्गातल्या पोराकडे मास्तर पाहतात. "एका डावात तोंड वाचते थो अडानी, साहेब. एखाद्याले घाम आला मनून त्याच्यापाशी खराब पत्ते हायेत, असं नसते. थो रोज किती घामते, ते पहिले पाहा लागते. काही लोकं चांगल्या पत्त्यालेबी घामते." मग कप खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "राग नका मानू. पन तुमी चार खेपा आले. हर डाव खेळले, आन रागानं खेळले. आन तुमचे पत्ते त आमाले रोडवरून दिसते."

"कोण दाखवतं?"

"कोनी नाही दाखवत. तुमीच उघडे धरले हायेत."

एवढं बोलून त्यानं पाचवा चहा मागितला. नोटीस दिली, सही घेतली, सोडून दिलं. मी मात्र खुर्चीत बसून राहिलो. समोर हवालदार स्टेशन डायरीची नोंद तपासत होता आणि घामानं डबडबला होता. नुसती डायरी तपासताना! मग मला एकेक आठवायला लागलं. ध्वजवंदनाला त्याला घाम यायचा. मागच्या वर्षी एका चोरीच्या तपासाबद्दल त्याला बक्षीस दिलं, तेव्हाही मान खाली आणि कपाळ ओलं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं होतं, पण मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

मी म्हाताऱ्याचं ऐकलं. महिनाभर एकही धाड टाकली नाही. बचत गटाच्या बाया पुन्हा आल्या, चिडल्या, मी हात जोडून थोडा धीर धरा म्हटलं. मग एका दुपारी दुय्यम अधिकाऱ्याला सांगितलं, धाडीची नेहमीसारखी सगळी तयारी करा, फक्त निघू नका. मी साध्या कपड्यांत, डोक्याला मफलर गुंडाळून समोरच्या टपरीवर जाऊन बसलो. स्वतःचं ठाणं मी पहिल्यांदाच रस्त्याच्या पलीकडून पाहत होतो.

जी गोष्ट माझ्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्याला दोन महिने दिसली नाही, ती दहा मिनिटांत दिसली. धाडीला पंच लागतात. स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असे दोन पंच घ्यावेत, असं कायदा सांगतो. पण ऐन वेळी पंच शोधायचा कोणी? म्हणून आमच्या ठाण्याचे पंच ठरलेले होते, समोरचा सलूनवाला आणि त्याच्या शेजारचा सायकल दुरुस्तीवाला. बिचारे कधी नाही म्हणत नसत. एक शिपाई रस्ता ओलांडून गेला. सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाची अर्धी दाढी पुसली, त्याला बाहेर बसवलं आणि भर दुपारी शटर ओढलं. किराणा दुकानदारानं मान वर करून शटर पाहिलं आणि खिशातून मोबाईल काढला. बस थांब्यावर बसलेल्या दोघांनीही पाहिलं आणि तेही मोबाईल काढते झाले. अर्ध्या दाढीचा तो माणूस माझ्याजवळ येऊन बसला आणि सहज म्हणाला, "आज पाळीवर धाड हाय वाटते."

मी चहा अर्धा टाकून उठलो. ठाण्यात फितूर कोणीच नव्हता. आमच्या सोयीची एक सवय होती आणि ती सगळ्या चौकाला पाठ होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही डाव उलटा लावला. भर दुपारी सलूनवाल्याला बोलावून घेतलं, शटर पडू दिलं, दुय्यम अधिकाऱ्याला जीप वाजतगाजत पाळीच्या दिशेनं काढायला लावली. त्याच्या आधी तासभर हवालदाराला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी तोंड न पाहता सरळ विचारलं, "पाळीवरून उठले की हे पळून कुठं जातात?"

तो क्षणभरही थांबला नाही. "बोडीच्या मांगं, मोहाच्या झाडाखाली. धुऱ्यानं जा लागते, साहेब. गाडी नाही जात."

पंच म्हणून एक कृषी सहायक आणि जनावरांच्या दवाखान्यातले एक कर्मचारी घेतले. हवालदार पुढे, आम्ही मागे, ठाण्यामागच्या धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, एका ओळीत निघालो. बोडी म्हणजे छोटं तळं; तिच्यामागच्या मोहाखाली जाऊन दबा धरला. थोड्याच वेळात मंडळी धापा टाकत आली, हसत हसत सतरंजी अंथरली, दाणे वाटले. कोणीतरी म्हणालं, "बसा आता आरामानं, साहेब तिकडं पाळीवर लाखोळी येचून राहिला!" मी झाडाआडून बाहेर आलो, तेव्हा सगळ्यांच्या हातात पत्ते तसेच होते.

पंचनामा लिहायला हवालदार बसला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं पहिलं नाव स्वतःच्या साळ्याचं लिहिलं. साळा म्हणाला, "भाटवा, निदान खाली तरी लिहा न." हवालदारानं वर न पाहता पुढचं नाव विचारलं.

चिठ्ठीत लिहिलेलं खरंच होतं. साळा तिथं बसत होता. त्याच्यावरून जे ठरवलं, ते मात्र मी माझ्या मनानं ठरवलं होतं.

म्हातारा त्या दिवशी सापडला नाही. नंतर आठवडी बाजारात वांगी निवडताना भेटला. मी विचारलं, बाबाजी, तुम्ही कसे सुटलात? म्हणाला, "तुमी महिनाभर पत्ते फेकत बसले न, तवाच मी समजलो. साहेब खेळाले शिकला, आता आपून उठाव." आणि माझ्या पिशवीत त्यानं दोन वांगी टाकली. मी ती घेतली. लाच म्हणायची असेल तर म्हणा.

धाडीच्या दिवशी संध्याकाळी हवालदाराला बोलावलं. ड्रॉवरमधला अहवाल काढून त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचला. मान खाली, कपाळावर घाम. मी तो कागद फाडला आणि माझी चूक झाली असं म्हणालो. खात्यात वरचा माणूस खालच्याला असं म्हणत नाही. मला ते म्हणताना लाज वाटली आणि म्हटल्यावर बरंही वाटलं.

"मले मालूम होतं, साहेब," तो म्हणाला. "तुमी त्या दिसी मले बोलावलं, तवाच समजलो."

"मग बोलला का नाहीस? बातमी मी फोडली नाही, एवढं सांगायचं होतंस."

त्यानं मान वर केली. मग पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "तुमी तसं इचारलं कुठी? तुमी त नुसते मले पाहून राहिले होते."

पत्त्यांच्या डावात समोरच्याला विचारता येत नाही, म्हणून बिचारे खेळाडू चेहरे वाचत बसतात. मला विचारता येत होतं. त्याच्यासाठीच तर सरकार मला पगार देत होतं. त्या दिवसापासून ठाण्याचे पंच दर वेळी बदलले आणि संशय आला की आधी सरळ विचारायचं, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला.

त्या वर्षीच त्याची बढती झाली. खांद्यावर नवी फीत लावायला तो माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा घामानं नुसता निथळत होता. मी खिशातला रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि काहीच ठरवलं नाही.