दुसऱ्या पायाचा मोजा

आठवड्यातून तीन दिवस मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला जाते, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. काय शिकवतेस असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, तेव्हा मी म्हटलं, "पेशंट कसा तपासायचा आणि त्याच्याशी कसं बोलायचं." त्यावर धाकटा हसला. "आजी, बोलायला काय शिकवायचं असतं?" त्याचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. मागे काहीतरी घडलं होतं, ते सांगितल्याशिवाय ते उत्तर देता येणार नाही, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे तपासणीचा चार पानी फॉर्म असतो. डोक्यापासून सुरुवात करायची आणि पायाच्या बोटांपर्यंत यायचं. मधे एकही जागा सोडायची नाही. तो फॉर्म मीच बसवलेला आहे. मला कामात क्रम लागतो. माझी डब्यांची फळी पाहून तुमची आई अजून हसते. शेवटच्या पानावर पेशंटला विचारायचे बावीस प्रश्न आहेत. उत्तर हो किंवा नाही असं येईल असा प्रश्न विचारायचा नाही. तो बोलत असताना कागदाकडे बघायचं नाही. तो गप्प झाला तर थांबायचं, घाई करायची नाही. हे सगळं मी इंग्रजी पुस्तकांतून शिकले आणि इंग्रजीतूनच शिकवत आले. मुलीही ते इंग्रजीतून पाठ करतात. मग पिंपरीच्या वॉर्डात जातात आणि तिथल्या माणसांशी मराठीत किंवा हिंदीत बोलतात.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. वडील चाकणला एका कारखान्यात मशीनवर, घर पिंपळे गुरवला. लिखाण नेटकं, हजेरी पूर्ण. पण तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा यायचा नाही. वर्गात मुली आळीपाळीने पेशंट होतात. एक कॉटवर झोपून "आई गं, मेले गं" करते, दुसरी तिची विचारपूस करते आणि बाकीच्या बघतात. हिची पाळी आली की ही कॉटजवळ बसायची, हळूच काहीतरी विचारायची आणि गप्प व्हायची. मागच्या बाकावरून आवाज यायचा, "मॅडम, ती म्यूटवर आहे, अनम्यूट करा!" सगळा वर्ग हसायचा. तीही हसायची, तेही आवाज न करता.

दोन वेळा मी तिला त्यात नापास केलं. तिच्या मार्कांच्या तक्त्यावर लाल शाईने लिहिलं, 'आवाज अपुरा. प्रश्न अपुरे.' तिसरी संधी शेवटची होती. खऱ्या पेशंटबरोबर वीस मिनिटं, समोर मी उभी. त्या तक्त्यावर माझी सही झाली तरच तिला वार्षिक प्रात्यक्षिकाला बसता येणार होतं. नाही झाली तर तिच्या मैत्रिणी पुढे जाणार आणि ती पुन्हा पहिल्यापासून त्याच वर्गात बसणार. हे तिला माहीत होतं, आणि तिचं काय होणार ते माझ्या हातात होतं. मला ते आवडत नव्हतं, पण आवडीनिवडीवर मार्क देता येत नाहीत.

मी तिच्यासाठी मुद्दाम सोपा पेशंट निवडला. पन्नाशीचे गृहस्थ, पिंपरीजवळच्याच एका जुन्या गावातले. शेतावर कारखाने आले, तेव्हापासून कारखान्यातच मशीनवर. साखरेचा आजार. उजव्या तळपायाला जखम होऊन ती चिघळली, म्हणून दाखल झालेले. निदान झालेलं, उपचार चालू, फाईल भरलेली. शिवाय आदल्याच दिवशी मी सगळ्या वर्गाला त्यांच्यावरच तपासणी करून दाखवली होती आणि नमुना म्हणून माझा फॉर्म वॉर्डातच भिंतीवर लावला होता. तिने तोच क्रम धरला असता तरी ती पास झाली असती.

ती आदल्या दिवशीची गोष्ट आधी सांगते. गृहस्थ अगदी कमी बोलणारे. काही विचारलं की एकच उत्तर, "आमी बरं हाय." शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने मला समजावलं, "ह्यांना काय इचारू नका, मॅडम. घरी बी मीच बोलते. हे निस्ती मान हलवित्यात." मी डोक्यापासून तपासत पायांपर्यंत आले. उजव्या पायाचं बँडेज दाखवून जखम कशी बघायची ते सांगितलं. मग डाव्या पायाकडे हात नेला. त्या पायात कारखान्यात घालायचा जाड मोजा होता. हात लागायच्या आत त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतला.

"अवो मॅडम, तुमी माझ्या पायाला हात लावताय व्हय? आईसारख्या तुमी. पाप लागंल मला."

"बघा!" बायको म्हणाली. "पन्नाशी झाली तवा पाप आठवलं ह्यांना."

मुली खुदकन हसल्या. मीही हसले. "त्यो पाय चांगला हाय," ते म्हणाले, आणि मी हात मागे घेतला. माझ्या वयाच्या बाईने पाय धरावेत हे त्यांना सहन होणार नाही, हे मला समजत होतं. त्यांचा मान राखला असंच मला वाटलं. मग फॉर्मवर 'तळपाय, दोन्ही' या ओळीसमोर बरोबरची खूण केली आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी स्टूल घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसली. आम्ही उशाशी बसायला शिकवतो. मी मनात एक मार्क कापला.

"काका, या आठवड्यात कोणती शिफ्ट असती तुमची?" तिने विचारलं. हा प्रश्न माझ्या बावीस प्रश्नांत नव्हता.

"थर्ड."

"म्हणजे आत्ता तुमची झोपायची वेळ."

"व्हय."

आणि ती गप्प झाली. त्यांनी डोळे मिटले. मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. बायकोने बोलायला तोंड उघडलं, तर मुलीने तिच्याकडे बघून हाताचा पंजा हळूच खाली दाबला. फक्त एवढंच. आणि कालपासून क्षणभरही न थांबलेली ती बाई एकदम थांबली. ही खूण तिला नवी नव्हती. चार मिनिटं गेली. माझ्या हातात पेन होतं आणि 'प्रश्न अपुरे' हे शब्द पुन्हा लिहावे लागणार, याची मी मनाची तयारी करत होते.

पाचव्या मिनिटाला त्यांनी डोळे उघडले आणि आपणहून म्हणाले, "इचार की पोरी, काय इचारायचं ते."

"हे मोजे घरून आणलेत का?"

"म्या आणलेत," बायको म्हणाली. "चांगले दोन पाण्यातनं काढलेत."

"उलटे करून चुंबक फिरवलं होतं?"

बायको तिच्याकडे बघतच राहिली. "तुला कसं ठावं गं? पोरं ल्हान हुती तवा फिरवायची. स्पीकरातलं चुंबक हुतं. त्यांचा खेळच हुता त्यो. आता पोरं गेली आपापल्या कामाला, कोण करतंय?"

मला काहीच कळेना. मुलीने मान वळवून मला सांगितलं, हळूच, "मॅडम, मशीनवर लोखंडाचा कीस उडतो. बुटात जातो, मोज्यात अडकतो. धुतला तरी निघत नाही. मी आणि बहीण बाबांच्या मोज्यांतून काढायचो." मग पुन्हा त्यांच्याकडे वळून म्हणाली, "काका, शिफ्टमध्ये टोचत असेल ना कीस?"

ते छताकडे बघत होते. "पूर्वी टोचायचा," ते म्हणाले.

'आता?' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. कोणाच्याही आला असता. ती मात्र काही बोलली नाही. हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. जणू त्यांचं वाक्य अजून संपलंच नव्हतं.

"आता न्हाई टोचत."

वॉर्डात पंखे फिरत होते. बायको उठून उभी राहिली. "म्हंजे? कवाधरनं?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"तुला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं." मग मुलीकडे बघून म्हणाले, "पायाला कळत न्हाई म्हणलं की मशीनवरनं काढत्याल, पोरी. गेटवर बसवत्याल. म्या गेटवर बसून काय करू?"

मुलीने त्यावर ना धीर दिला, ना उपदेश केला. थोडं थांबली आणि म्हणाली, "पाय बघू का मी?"

"नगं. कालच मॅडमना म्हणलो मी."

"लेकीने बापाचा पाय धरला तर पाप नसतं, काका. माझे बाबा धरू देतात."

त्यांनी पाय लांब केला.

तिने हातमोजे घातले आणि तो मोजा अगदी सावकाश उतरवला. पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी मसुरीच्या दाण्याएवढी काळपट, ओली जागा होती. मोजा उलटा केला तर तिथेच, विणीत रुतलेला, पापणीच्या केसासारखा वाकडा लोखंडाचा एक तुकडा. तिने टाच एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्या जागेच्या भोवती हळूहळू दाबून पाहिलं.

ते अजून छताकडेच बघत होते. "धरलास का गं पाय?" त्यांनी विचारलं.

पाय तिच्या हातात होता. मुलांनो, या कामात माझं सगळं आयुष्य गेलं. संवेदना जाते म्हणजे काय, ते मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, आकृत्याही काढल्या. पण समोरचा माणूस दुसऱ्याच्या हातात असलेल्या आपल्या पायाची वाट बघतो आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि ते दाखवलं कोणी, तर जिचा आवाज मला अपुरा वाटला होता तिने.

"धरलाय, काका," ती म्हणाली. "मॅडमनापण दिसतोय."

मी सिस्टरना हाक मारली, सिस्टरनी डॉक्टरांना. जखम लहान होती, आत गेलेली नव्हती. त्याच दुपारी ड्रेसिंग झालं, औषध बदललं. दोन दिवस ती तशीच मोज्यात राहिली असती तर हा पायही उजव्याच्या वाटेने गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकताना मी भिंतीवरच्या माझ्या फॉर्मकडे बघायचं टाळत होते.

वॉर्डाबाहेर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातातला फॉर्म जवळजवळ कोरा. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

"मॅडम, बावीसाच्या जागी माझे चारच प्रश्न झाले," ती म्हणाली. "मी नापास का?"

मी उत्तर न देता विचारलं, "एवढा वेळ गप्प बसायला कुठे शिकलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "आमची एकच खोली होती ना, मॅडम. बाबा थर्डला असले की दिवसा झोपायचे. आम्ही तिथेच अभ्यास करायचो, जेवायचो, भांडायचोसुद्धा, पण सगळं खुणांनी. आणि ते उठले की लगेच काही विचारायचं नाही, असं आईचं सांगणं असायचं. ते आपणहून बोलले की मग विचारायचं."

ते पुस्तकातलं थांबणं मी इंग्रजीतून शिकवत होते, आणि ही मुलगी ते घरून शिकून आली होती. मी तिला दोनदा नापास केलं होतं ते त्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती भिंतीवरचा माझा फॉर्म काढून हातात घेऊनच. नोंद चुकली तर ती खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने पुसायची नाही, हा आमचा नियम आहे. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. बाजूला खरं काय ते लिहायचं आणि सही करायची. हा नियम मी पहिल्याच आठवड्यात शिकवते. स्वतःच्या फॉर्मवर तो मुलींसमोर वापरायची वेळ आजवर आली नव्हती. मी 'तळपाय, दोन्ही' या ओळीवर रेघ मारली आणि लिहिलं, 'डावा पाय तपासला नव्हता.' सही केली. मग तिचा तक्ता उघडला आणि 'आवाज अपुरा. प्रश्न अपुरे' यावरही तशीच रेघ मारली.

मी तिला टेबलाजवळ बोलावलं आणि दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिने आधी माझा फॉर्म वाचला, सावकाश, वरपासून खालपर्यंत. मग काहीतरी बोलली. ते ऐकायला मला टेबलावरून पुढे वाकावं लागलं.

"मॅडम, तारीख-वेळ घालायची राहिली."

खरंच राहिली होती. सही, तारीख आणि वेळ, असा तो नियम आहे. मी घड्याळ पाहिलं, दोन्ही कागदांवर तारीख आणि वेळ घातली, आणि मग तिच्या तक्त्याच्या तळाशी, जिथे परीक्षेला बसण्याची परवानगी असते, तिथे सही केली.