डेलमारचे मंगळवार

नवरा डेलमार गेल्याला सहा आठवडे झाले, तरी नेडीन पर्विसच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारणींनी आणून दिलेले चिकन-भाताचे ट्रे ती गरम करून खायची आणि धुऊन परत करायची. शेवटी तिची नणंद ओपल गाडी घेऊन दारात आली.

"बसून बसून बुरशी चढेल तुला. चल, बागेत जाऊ. अझेलिया फुललीत म्हणे."

"बरं," नेडीन म्हणाली. नको म्हणायचाही तिला कंटाळा आला होता.

याच बागेत डेलमारने तीस वर्षं माळीकाम केलं होतं. तेव्हा तळ्याकाठी नुसती बागच होती. विशीतली नेडीन तिथे शोभेची नोकरी करायची, जुन्या काळचा घेरदार झालरींचा झगा घालून हिरवळीवर बसायची आणि पाहुण्यांकडे बघून हात हलवायची. तांबड्या मुंग्या पोटऱ्या फोडून काढायच्या, पण हसू ढळू द्यायची सोय नव्हती. डेलमार यायचा, मुंग्या मराव्यात म्हणून वारुळावर मक्याचा रवा टाकायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा. वर्षभराने दोघांचं लग्न झालं. पुढे बाग बंद पडली, भोवती पाळणे आणि खेळण्यांचं उद्यान उभं राहिलं. जुनी बाग मागच्या अंगाला तशीच राखून ठेवली.

किंचाळणाऱ्या पोरांच्या रांगा ओलांडून दोघी आत आल्या. फुलं होती, पुष्कळ होती. नेडीनने ती पाहिली, झालं.

मोठ्या वडाखाली मारिबेल नावाची माळीण पारंब्या बांधत होती. ओपलने बोलता बोलता भावाचं नाव काढलं, तशी ती झटकन उठली.

"डेलमारकाका? दर मंगळवारी यायचे की! दीड महिना झाला, दिसले नाहीत. बरे आहेत ना?"

ओपलने झालं ते सांगितलं. मारिबेलने तोंडावर हात धरला.

"मंगळवारी तो मासे धरायला जायचा," नेडीन म्हणाली.

"छे हो! इथेच बसायचे. ही पारंबी जमिनीत उतरव, ती काप, असं सांगत. माझं चुकलं की म्हणायचे, 'पोरी, झाड आहे ते, कपडे वाळत घालायची दोरी नाही.'"

ओपल हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. नेडीन तिच्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघत राहिली. नऊ वर्षं दर मंगळवारी तो रिकाम्या हाताने घरी यायचा. ती म्हणायची, "मासे तुझ्यापेक्षा हुशार दिसतात," आणि तो मान डोलवायचा. आता राग यायला हवा होता, नाहीतर भरून तरी यायला हवं होतं. काहीच आलं नाही.

"खायचा काय?" तिने विचारलं.

"उकडलेल्या शेंगा. मलाही द्यायचे." मारिबेलने शेडमधून त्याची घडीची खुर्ची आणली. "ही घेऊन जाता?"

"असू दे इथेच."

परतीच्या वाटेवर ओपल म्हणाली, "अगं, माणूस आहेस की दगड? मला तरी का नाही सांगितलं त्याने?"

"तुझ्या पोटात काही राहतं का?" नेडीन म्हणाली.

पुढच्या मंगळवारी ती बस धरून एकटीच आली आणि वडाखाली दोन तास बसली. मारिबेलने विचारलं, थंडीच्या लाटेत पूर्वी झाडं कशी वाचवायचे. आठवलं तेवढं नेडीनने सांगितलं. आठवत नव्हतं तिथे सरळ म्हणाली, "ते त्याला ठाऊक होतं."

मग ती साडेतीनची बस गाठायला निघाली.