दस्त्याची घोडी

गेल्या वर्षी खंडेनवमीला, आष्ट्यात थोरल्या भावाच्या घरी, माझ्या तीनशे चाळीस रुपयांच्या घोडीची पूजा झाली. हजर होते दादा, वहिनी, माझी बायको आणि शेजारचे एक गृहस्थ.

घोडी म्हणजे तासताना बंदुकीचा दस्ता हलू नये म्हणून मी साताऱ्यात घरीच केलेला आधार. फळीवर दोन उभ्या पट्ट्या, त्यांना खाचा, खाचांत जुन्या सतरंजीचे तुकडे. दादांच्या परवान्याच्या बंदुकीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता काळवंडला होता आणि दिवाळीनंतर सांगलीला माजी सैनिकांच्या नेमबाजीच्या स्पर्धेत ते उतरणार होते. "सुताराला कशाला पैसे? मी करतो," असे मी फोनवर म्हणालो. त्यांनी नुसता दस्ता सोडवून पाठवला.

खाचा मी काटकोनाचा गुण्या लावून बरोबर मध्यावर कापल्या होत्या. दस्ता त्यांत बसेना. त्याचे मागचे टोक उजवीकडे दोन सूत, म्हणजे पाव इंच, कललेले होते. लाकूड ओलीने वाकले असेल, असे मीच ठरवले. घोडी पुन्हा करायची तर आणखी एक रविवार गेला असता. मी रंधा घेतला आणि दस्ताच घोडीत बसेल असा तासला. वर पॉलिश केले.

नवमीला सकाळी दादांनी दस्ता बंदुकीला जोडला. पूजा मांडताना वहिनींनी शेजारी माझी घोडीही ठेवली.

"हत्यारच की ह्ये बी, भावजी," म्हणून तिला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली.

"रिटायर झाल्यावर धंद्याची काळजी न्हाई गड्या तुला," शेजारी म्हणाले. मी खूश होऊन हसलो.

आरती झाल्यावर दादांनी रिकामी बंदूक खांद्याला लावली. उतरवली. पुन्हा लावली.

"बाक काडलास व्हय रं?"

"वाकडा होता, दादा."

"मान वळत न्हाई माजी. नळीच्या टोकाला नेमाची माशी असती, तिच्यावर डोळा यावा म्हणून बाक ठेवून घेतलेला."

त्यांच्या मानेचे ऑपरेशन झाले तेव्हा दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी बसलो होतो. तरी दस्ता हातात असताना मला त्यांची मान आठवली नाही. त्या माळेकडे मला बघवेना.

"ऱ्हाऊ द्या आता. निवद गार व्हतोय," वहिनी म्हणाल्या.

दोन दिवसांनी आम्ही दोघे सांगलीला बंदूक दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी दादांची मान कुठवर वळते ते पाहिले, मग माप घेतले. नवा दस्ता नेमबाजीच्या आत होणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. दादा "बरं" म्हणाले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. चार हजार आठशे रुपये मी दुकानदाराला दिले.